बेरजेखालच्या दोन रेघा

चित्रकलेचं आणि माझं शाळेपासून पटलेलं नाही. सहावीत असताना मी काढलेल्या मोराखाली ड्रॉइंगच्या सरांनी 'कोबी बरा आहे' असा शेरा लिहिला होता. मोराचा कोबी झाला याचं मला वाईट वाटलं नाही. बरा म्हणूनही दहापैकी तीनच मार्क दिले याचं वाटलं. पुढे मी कॉमर्सला गेलो. कॉमर्समध्ये चित्र काढावं लागत नाही. फार तर ताळेबंद काढावा लागतो, आणि तो चुकला तरी त्याला कोणी कोबी म्हणत नाही.

त्यातून आमचं गाव पिंपळगाव बसवंत. आमच्याकडे कांदा, टोमॅटो आणि द्राक्ष सोडून कुठल्याही वस्तूकडे दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाहण्याची पद्धत नाही. आणि कांद्याकडेही पाहतात ते भाव फुटेपर्यंतच. प्रदर्शनं होतात, नाही असं नाही. पण ती ट्रॅक्टरची, ठिबकच्या नळ्यांची आणि द्राक्षावरच्या औषधांची. तेव्हा मी दिल्लीला जाऊन चित्रांचं प्रदर्शन पाहिलं, आणि तेही चांगलं दोन तास, हे शाखेत सांगितलं तेव्हा आमच्या कॅशियरने नोटा मोजायचं मशीन मध्येच थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तब्येत बरी आहे ना?" एवढंच तो म्हणाला.

त्याचं असं झालं. २०१३ साली माझी एल.एफ.सी. संपत आली होती. ज्यांना बँकेत नोकरी नाही त्यांच्यासाठी सांगतो: एल.एफ.सी. म्हणजे बँकेने दिलेलं प्रवासभाडं, जे वाया जाईल या भीतीने माणूस भर मे महिन्यात बायकामुलांना घेऊन दिल्लीला जातो. आम्ही चौघे निघालो. मी, ही, आठ वर्षांची कन्या आणि आमचे अण्णा.

अण्णा यायला तयार नव्हते. त्यामागे एक प्रकरण होतं, आणि त्यात आरोपी मी होतो.

अण्णांनी पस्तीस वर्षं मार्केटात एका आडत्याकडे दिवाणजी म्हणून काढली. कीर्द, खतावणी, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, सगळं त्यांच्या हातचं. त्यांचा एक काळा शिसवी रूळ होता, गोल, हातभर लांब. हल्लीच्या मुलांना रूळ म्हटलं की रेल्वे आठवते. आमच्या लहानपणी त्याचे दोन उपयोग होते, एक रेघा आखण्याचा आणि दुसरा माझ्यावर. डाव्या हाताने रूळ कागदावरून घरंगळत न्यायचा आणि उजव्या हातातला टाक त्याच्या कडेने सोडायचा. रेघ संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. बेरजेखाली दोन रेघा यायच्या, एकमेकींपासून इतक्या सारख्या अंतरावर की त्यामधून मुंगी चालली असती तर तिला कुठेही अंग चोरावं लागलं नसतं. आणि सही! मार्केटात लोक म्हणायचे, दिवाणजींची सही पाहिली की रक्कम वाचायची गरज नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अण्णा आमच्या शाखेत पैसे काढायला आले. काउंटरवर मी. स्लिप घेतली, कॉम्प्युटरवर नमुना सही उघडली. पडद्यावर खातं उघडतानाची सही होती, जरीच्या काठासारखी. स्लिपवरची मात्र धावत्या एस.टी.त केल्यासारखी. हात थरथरतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चहा बशीत सांडायचा. पण घरातला हात आणि काउंटरवरची सही यांचा संबंध आहे हे माझ्या कॉमर्सच्या डोक्यात आलं नव्हतं. मागे रांग होती. मी रोज वीसदा म्हणतो तसं म्हणालो, "सही जुळत नाही."

त्यांनी दुसरी स्लिप भरली. तिसरी भरली. साहेब केबिनमधून बाहेर आले. माणूस सज्जन, आपुलकीने म्हणाले, "अण्णा, अंगठा लावा की. काय बिघडलं?" आणि शिपायाने तत्परतेने स्टॅम्पपॅड पुढे सरकवलं.

अण्णांनी तिन्ही स्लिपांची घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली आणि घरी गेले. नाशिकच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात कंपवाताचं निदान केलं. अण्णा पुन्हा बँकेत आले नाहीत. माझ्याकडेही त्यांनी पैसे मागितले नाहीत. चाळीस वर्षांची तंबाखू मात्र सोडली. हिला फार आनंद झाला. मला झाला नाही, कारण ती का सोडली हे मला माहीत होतं.

तर दिल्ली. लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला, बेचाळीस अंशांत काय काय होऊ शकतं ते सगळं झालं. चौथ्या दिवशी हिला साकेतचे मॉल पाहायचे होते. तिथे मॉलला मॉल चिकटलेले आहेत, आणि एकदा बायको व मुलगी आत शिरल्या की बाप आणि आजोबा या दोन वस्तूंना तिथे ठेवायला जागा नसते. अण्णा आणि मी फिरत फिरत एका मॉलमध्येच असलेल्या एका दाराशी आलो. किरण नादर म्युझियम ऑफ आर्ट. आत थंडगार एसी आणि प्रवेश विनामूल्य. मध्यमवर्गीय माणसाला कलेकडे ओढायला याहून जास्त काही लागत नाही.

आत एकाच बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. त्यांच्या सगळ्या आयुष्याची चित्रं एकत्र मांडलेली, ज्याला सिंहावलोकन म्हणतात तसं. नाव नसरीन मोहमदी, १९३७ ते १९९०. सुरुवातीच्या भागात शाईचे ओले फराटे होते. झाडं असावीत, किनारा असावा, असा मी अंदाज बांधत होतो आणि मनात माझा मोर पुन्हा मान वर काढत होता. मग पुढच्या दालनात गेलो आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

रेघा! नुसत्या रेघा. आडव्या, उभ्या, तिरक्या. काळ्या शाईने आणि शिसपेन्सिलीने कागदावर आखलेल्या. एका कागदावर तर हुबेहूब खतावणीचं कोरं पान, फक्त नावे आणि जमा लिहायचं राहिलेलं. रंग जवळजवळ नाहीच. आणि बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही. बँकेच्या माणसाला तारीख नसलेला कागद पाहिला की पोटात कसंसंच होतं. मी अण्णांना हळूच म्हणालो, "चला, हे तर आपण रोजच बघतो."

अण्णा नव्हते. ते तीन चित्रं मागे होते, आणि एका कागदाला नाक लागेल इतके वाकले होते. रखवालदार धावला, "बाबूजी, थोडा दूर से." अण्णा चार इंच मागे झाले आणि पुन्हा तीन इंच पुढे झाले. मी जवळ गेलो. उजवा हात त्यांनी नेहमीसारखा कोटाच्या खिशात कोंबलेला होता. फेब्रुवारीपासून तो बहुतेक वेळ तिथेच असे.

"काय बघताय?"

"या बाईंनी शाई कुठे घेतली ते सापडत नाही," अण्णा म्हणाले.

आता हे वाक्य मी बी.कॉम. असूनही मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. लांब रेघ ओढताना टाकातली शाई मध्येच संपते. टाक उचलून बुडवून पुन्हा टेकवला की तिथे गाठ पडते. कितीही सराईत दिवाणजी असला तरी गाठ पडतेच. फक्त त्याला ती कुठे लपवायची हे माहीत असतं, आकड्याच्या पोटात, नाहीतर समासाशी. "इथे आकडेच नाहीत. लपवायला जागाच नाही. आणि गाठही नाही." मग खिशातला हात बाहेर आला, त्याचं बोट हवेत थरथरत एका रेघेवरून गेलं. "ही बघ, बारीक निघाली, मध्ये जाड झाली, पुन्हा बारीक. रूळ धरला होता हे खरं, पण हे रुळाचं काम नव्हे. हे श्वासाचं."

चित्रकलेवरची अनेक व्याख्यानं मी नंतर वाचली. त्यांत अवकाश, अमूर्त, अनंत असे शब्द पुष्कळ होते. पण शाई कुठे घेतली हा प्रश्न कोणी विचारलेला मला दिसला नाही.

तिथे एक मुलगी लोकांना माहिती सांगत होती. अण्णांनी तिला मराठीत प्रश्न विचारले, तिने हिंदीत उत्तरं दिली, दोघांचं उत्तम जमलं. नसरीनबाई कराचीत जन्मल्या. आई लहानपणीच गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. वडिलांचा बहारीनमध्ये फोटोग्राफीच्या सामानाचा व्यापार. लंडनला सेंट मार्टिन्समध्ये शिकल्या, पुढे पॅरिसला. मधल्या काळात मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करत. तिथेच आपले गायतोंडेही होते. ("आपले" हे माझं, ते नागपुरात जन्मले एवढ्या आधारावर मी त्यांना आपल्या खात्यात जमा करतो.) पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १९६१ मध्ये मुंबईत. त्या काळचे आजूबाजूचे बहुतेक मोठे चित्रकार माणसं रंगवत होते, माणसांनी भरलेली चित्रं. या बाई मात्र एकेक गोष्ट कमी करत गेल्या. आधी झाडं गेली, मग फराटे, मग रंग, उरली रेघ. १९७२ पासून बडोद्याला शिकवायला होत्या. आर्किटेक्ट वापरतात तसलं टेबल, आखणीची हत्यारं आणि शाई, एवढा संसार. हे प्रदर्शन रचणाऱ्या रूबीना करोडे या त्यांच्याच विद्यार्थिनी. फोटोही काढत, फतेहपूर सिक्रीचे दगड, मागावरचे ताणे, समुद्राने वाळूवर आखलेल्या ओळी. ते फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत.

हे सगळं अण्णा मान हलवत ऐकत होते. मग त्या मुलीने सहज सांगितलं, की त्यांना मज्जासंस्थेचा एक दुर्मिळ आजार होता. कंपवातासारखाच. पुढे पुढे हातापायांवर ताबा राहत नव्हता. त्याच काळातल्या या शेवटच्या दालनातल्या रेघा.

अण्णांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते शेवटच्या दालनात गेले. मी मागे गेलो नाही. तिथे मोठा पांढरा कागद, आणि त्यावर मोजक्या रेघा होत्या, तिरक्या उडत निघाल्यासारख्या. एखादी कमान, एखादा त्रिकोण. रूळ मांडायला आधार नाही, वरची ओळ नाही, खालची ओळ नाही. अण्णा एकेका कागदासमोर उभे राहत होते आणि खिशातला हात बाहेर काढून शेजारी नुसता लोंबकळत सोडत होते. तो हलत होता, तसा हलू देत होते. रखवालदार आता काही बोलला नाही.

दीड तासाने ही पिशव्या घेऊन आली तेव्हा ते परत आले. "शेवटी कुठे होत्या या बाई?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, किहीमला. १९९० च्या मे महिन्यात तिथेच वारल्या.

"किहीम म्हणजे अलिबागचं?" अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, मग आपल्याच इकडच्या की!" आणि पॅरिस, बहारीन, बडोदा सगळं बाजूला ठेवून अण्णांनी त्यांना रायगड जिल्ह्यात जमा करून टाकलं. ही सवय मला कुठून आली ते तुमच्या लक्षात आलं असेल.

(पुढे २०१५ मध्ये माद्रिदला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. २०१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने मेट ब्रॉयर नावाची नवी शाखा उघडली तेव्हा उद्घाटनालाच याच बाईंच्या रेघा लावल्या. ती शाखा २०२० मध्ये बंदही पडली. शाखा थाटात उघडायची आणि चार वर्षांत गुंडाळायची, हे फक्त बँकांनाच जमतं असं मी समजत होतो.)

पिंपळगावला परतलो. महामार्गावरून गाडी गावाकडे वळताना दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. एप्रिलची छाटणी झालेली, वेलींवर पाला जेमतेम. अँगल आणि तारा उघड्या पडलेल्या. बावीस वर्षं या रस्त्याने जातोय. तारा द्राक्षं टांगायला असतात एवढंच मला माहीत होतं. गाडी पळत होती तसतशा त्या तारा आधी जवळ, मग लांब, मग सगळ्या मिळून एका टोकाला जात होत्या. अण्णा खिडकीशी होते. "बघितलंस?" म्हणाले. मी बघितलं. ही म्हणाली, "काय बघताय? घरी दूध नाहीये."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला फर्मावलं, "येताना ड्रॉइंगची काळी शाई आण." दुकानदाराने विचारलं, इंडियन इंक का? याबद्दल एक गंमत मला मागाहून कळली. ज्या शाईला इंग्रज इंडियन इंक म्हणतात, तिलाच फ्रेंच लोक चिनी शाई म्हणतात. म्हणजे नसरीनबाई पॅरिसला दुकानात गेल्या असतील तर त्यांना आपल्याच देशाची शाई चीनच्या नावाने मागावी लागली असेल. खरं तर मान चिन्यांचाच. काजळी आणि सरस घोटून शाईची कांडी करणं आणि तिच्या जोरावर सगळी चित्रकला उभी करणं हे त्यांचं जुनं काम. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहाल तर एकच रक्कम दोन देशांच्या नावे पडली आहे. अशी नोंद आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो.

माळ्यावरून रूळ निघाला. रोज सकाळी चहा झाला की अण्णा पाटावर कागद घेऊन बसू लागले. पहिले काही आठवडे घरात फार कठीण गेले. शाई चादरीवर, शाई सदऱ्यावर, एकदा शाई पोह्यांत. हिने जाहीर केलं की आजोबा आणि नात यांच्यातलं एक कोणीतरी शाळेत गेलंच पाहिजे. रेघा? रेघा कसल्या, पावसाळ्यातलं ओघळ आलेलं भिंताड. रूळ एकीकडे घरंगळायचा, टाक दुसरीकडे. मी एकदा धीर देण्यासाठी म्हणालो, "अण्णा, छान जमतंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला ड्रॉइंगचे सर फार दयाळू वाटले. मग माझ्यापुढे कागद सरकवून म्हणाले, "तू ओढ." माझा हात शाबूत. रूळ शाबूत. मी ओढलेल्या रेघेत, अण्णांनी मोजून दाखवलं, सात गाठी होत्या.

मात्र एका बाबतीत त्यांनी नसरीनबाईंचं ऐकलं नाही. प्रत्येक पानावर वर उजव्या कोपऱ्यात तारीख. तारखेशिवाय कागद त्यांच्याच्याने सुटला नसता. आणि पान संपलं की खाली दोन रेघा, बेरजेखालच्या. त्या सुरुवातीला एकमेकींना तीन ठिकाणी धडकत. दिवाळीपर्यंत एका ठिकाणी धडकू लागल्या. डॉक्टर म्हणाले औषधाचा गुण. असेल.

२०१४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, अण्णा कोट घालून शाखेत आले. रांगेत उभे राहिले. पुढे-मागे ओळखीचे, "अण्णा, तुम्ही पुढे व्हा" म्हणाले, ते झाले नाहीत. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी स्लिप दिली नाही. म्हणाले, "नमुना सही बदलायची आहे."

मी फॉर्म दिला. त्यात सहीसाठी तीन चौकोन असतात. अण्णांनी स्वतःचा टाक आणला होता, शाईची बाटली आणली होती. शिपायाने स्टॅम्पपॅड उचललं आणि माझा चेहरा पाहून परत ठेवलं. पहिली सही करायला किती वेळ लागला ते सांगत नाही. रांगेतल्या एका टोमॅटोवाल्याने तेवढ्यात मोबाईलवर पन्नास क्रेटचा व्यवहार पुरा केला. मग दुसरी. मग तिसरी. श्वास मध्ये कुठेच घेतला नाही.

तिन्ही सह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. जुन्या सहीशी तर नव्हत्याच. साहेब केबिनमधून आले, फॉर्म पाहिला, अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नियमात अशी नोंद करायला जागा आहे, फार जुनी, आम्ही तिच्याकडे बघत नाही इतकंच. मी फॉर्म ओढून घेतला आणि तिन्ही चौकोनांखाली लिहिलं: 'माझ्या समक्ष सही केली.' खाली माझी सही. साहेबांनी तिच्याखाली त्यांची ठोकली.

मग अण्णांनी पैसे काढायची स्लिप भरली, दोन हजारांची. त्या सहीखालीही मला तेच लिहावं लागलं, आणि पुढे ते येत राहिले तेवढी वर्षं दर महिन्याला लिहिलं. कॅशियरने शंभराच्या वीस नोटा दिल्या. मशीनने मोजलेल्या. अण्णांनी त्या हाताने मोजल्या. हात हलत असल्याने एकोणीस भरल्या. पुन्हा मोजल्या, एकवीस भरल्या. म्हणून तिसऱ्यांदा. मागची रांग दारापर्यंत गेली होती आणि बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालूच होता.

वीस भरल्यावर त्यांनी शंभराची एक नोट तंबाखूसाठी वरच्या खिशात घातली, आणि उरलेले एकोणीसशे पुन्हा त्याच खात्यात भरायला माझ्याकडे स्लिप मागितली.